मराठीतलं ‘आलो आहे’ इंग्रजीत नेमकं कुठे बसतं? काळ निवडताना होणाऱ्या चुका

धुळाक्षर

शाळेत बारा काळांचा तक्ता पाठ करून घेतात: तीन काळ, प्रत्येकाचे चार प्रकार. तक्ता चुकीचा नाही. पण तो पाठ असलेली माणसंही बोलता-लिहिताना त्याच त्या जागी अडखळतात, कारण इंग्रजी क्रियापद निवडताना आपली नजर मराठी क्रियापदाच्या शेपटावर असते. ‘आलो’ म्हणजे केम, ‘आलो आहे’ म्हणजे हॅव कम, ‘आलो होतो’ म्हणजे हॅड कम, ही जोडी लहानपणीच डोक्यात बसते. पुष्कळदा ती जुळतेही, आणि म्हणूनच जिथे जुळत नाही तिथे शंकासुद्धा येत नाही. हा धागा त्या न जुळणाऱ्या जागांसाठी काढला आहे.

पहिली जागा: ‘मी कालच आलोय.’ मराठीत हे वाक्य निर्दोष आहे. ‘आहे’ सांगतं की मी अजून इथेच आहे, ‘काल’ सांगतं केव्हा आलो. मराठी दोन्ही गोष्टी एका वाक्यात खुशाल सांगते. इंग्रजीत ‘आय हॅव कम येस्टरडे’ चूक. प्रेझेंट परफेक्ट (म्हणजे ‘हॅव कम’सारखं रूप) आजच्या दिवसात उभा राहून मागे बघतो, त्यामुळे संपलेल्या वेळेवर बोट ठेवणारा शब्द त्याला सोसत नाही. येस्टरडे, लास्ट वीक, टू डेज अगो, इन २०१९, व्हेन आय वॉज अ चाइल्ड, यातलं काहीही वाक्यात आलं की हॅव काढायचं आणि साधा भूतकाळ घ्यायचा: ‘आय केम येस्टरडे.’ प्रश्नालाही हाच नियम. ‘तू कधी आला आहेस?’ याचं ‘व्हेन हॅव यू कम?’ होत नाही, ‘व्हेन डिड यू कम?’ होतं, कारण व्हेन हा शब्दच नेमकी वेळ मागतो.

टुडे, धिस वीक, सो फार, एव्हर या वेळा संपलेल्या नसतात, त्या हॅवला चालतात. ‘धिस मॉर्निंग’ मात्र घड्याळाप्रमाणे बदलतं. सकाळी दहाला ‘आय हॅव हॅड टू कप्स ऑफ टी धिस मॉर्निंग’, दुपारी चारला तेच ‘आय हॅड टू कप्स ऑफ टी धिस मॉर्निंग’. कप तेवढेच, सकाळ संपली एवढाच फरक.

दुसरी जागा: ‘गेल्या आठवड्यात कोल्हापूरला गेलो होतो.’ इथला ‘होतो’ सांगतो की गेलो आणि परतही आलो. इंग्रजी हॅडमध्ये तो अर्थच नाही. हॅड लागतो तो भूतकाळातल्या दोन घटनांपैकी आधीची दाखवायला. ‘आय हॅड गॉन टू कोल्हापूर लास्ट वीक’ एवढंच म्हणून थांबलात, तर ऐकणारा पुढची घटना ऐकायला ताटकळत राहतो. ‘आय वेंट टू कोल्हापूर लास्ट वीक’ म्हणा. परत आल्याचा अर्थ हवा असेल आणि वेळ सांगायची नसेल तर ‘आय हॅव बीन टू कोल्हापूर’. ‘ही हॅज गॉन टू कोल्हापूर’ म्हणजे तो अजून तिकडेच आहे.

हान्स रायखेनबाख या जर्मन तत्त्वज्ञाने १९४७ साली क्रियापदांच्या काळांसाठी तीन वेळांची मांडणी केली: बोलण्याची वेळ, घटनेची वेळ, आणि जिथे उभं राहून आपण घटनेकडे बघतो ती संदर्भाची वेळ. ‘आय केम’मध्ये संदर्भ घटनेजवळ असतो. ‘आय हॅव कम’मध्ये तो बोलण्याच्या क्षणाजवळ असतो. ‘आय हॅड कम’मध्ये तो दोहोंच्या मधे, भूतकाळातल्याच एका टप्प्यावर असतो. शंका आली की कागदावर आडवी रेघ ओढून हे तीन ठिपके मांडून बघा. मधला ठिपका कशावर ठेवायचा हे सांगता येत नसेल, तर त्या वाक्यात हॅडचं काम नाही.

गोदाकाठ

चांगला धागा. यात एक मोठी जागा घालतो, जिच्याकडे व्याकरणाच्या पुस्तकांत क्वचितच लक्ष दिलं जातं: ‘बसला आहे’.

‘तो खुर्चीत बसला आहे’ यात मराठीचं रूप पूर्ण झालेल्या क्रियेचं आहे. बसण्याची क्रिया संपली, आता बसलेली अवस्था चालू आहे. इंग्रजी त्या अवस्थेलाच चालू क्रिया मानते: ‘ही इज सिटिंग इन द चेअर.’ ‘ही हॅज सॅट’ म्हटलं तर बिघडतं. आणि मराठीत ‘तो बसतोय’ म्हटलं, म्हणजे आत्ता गुडघे वाकवून खाली टेकतोय, तर इंग्रजीत ‘ही इज सिटिंग डाउन’. सगळा फरक त्या डाउनने सांभाळला.

हीच तऱ्हा अंगावरच्या कपड्यांची. ‘तिने हिरवी साडी नेसली आहे’ म्हणजे ‘शी इज वेअरिंग अ ग्रीन सारी’. ‘ती साडी नेसतेय’ म्हणजे ‘शी इज पुटिंग ऑन अ सारी’. ‘चष्मा घातलाय’ हे ‘इज वेअरिंग ग्लासेस’, पण नेहमीच घालत असेल तर ‘वेअर्स ग्लासेस’. ‘झोपलाय’ हे ‘इज ॲस्लीप’ किंवा ‘इज स्लीपिंग’. ‘आडवा झालाय’ हे ‘इज लाइंग डाउन’. ‘शर्ट दोरीवर लटकलाय’ हे ‘इज हँगिंग’. या सगळ्यांत मराठीत ‘ला आहे’ आणि इंग्रजीत आयएनजी.

दुसरा गट शरीर-मनाच्या अवस्थांचा. तिथे इंग्रजी क्रियापद जवळजवळ टाकूनच देते आणि विशेषण घेते. दमलोय: आय ॲम टायर्ड. भूक लागली आहे: आय ॲम हंग्री. कंटाळा आलाय: आय ॲम बोअर्ड. राग आलाय: शी इज अँग्री. सर्दी झालीये मात्र ‘आय हॅव अ कोल्ड’, आणि हे हॅव प्रेझेंट परफेक्टचं नव्हे, ‘जवळ असणे’ या अर्थाचं साधं क्रियापद आहे.

‘लग्न झालंय’ आणि ‘वारले’ ही दोन रोजची वाक्यं. ‘शी इज मॅरिड’ ही अवस्था. ‘शी गॉट मॅरिड इन २०१५’ ही घटना. ‘लग्नाला दहा वर्षं झाली’ म्हणजे अवस्था दहा वर्षं चालत आली आहे: ‘शी हॅज बीन मॅरिड फॉर टेन इयर्स.’ तसंच ‘आजोबा दोन वर्षांपूर्वी वारले’ हे ‘डाइड टू इयर्स अगो’. ‘हॅज एक्स्पायर्ड टू इयर्स बॅक’ असं आपल्याकडे सर्रास लिहितात; त्यात हॅज चुकलाच, शिवाय एक्स्पायर्ड हा शब्द भारताबाहेरच्या वाचकाला औषधाच्या किंवा परवान्याच्या तारखेची आठवण करून देतो.

पाटीपेन्सिल

‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ हे वाक्य मुलाखतींत इतकं ऐकू येतं की ते बरोबरच वाटायला लागतं. यात नेमकं काय काय चुकलंय, ते कुणी सुटं करून सांगेल का? मुलांना ‘सिन्स आणि फॉर’चा नियम पाठ असतो, तरी वाक्य हेच येतं.

धुळाक्षर

पाटीपेन्सिल, दोन चुका आहेत आणि त्यांची मुळं वेगवेगळी आहेत.

पहिली काळाची. ‘मी इथे पाच वर्षांपासून काम करतोय.’ मराठीत क्रिया आत्ता चालू आहे म्हणून वर्तमानकाळ, आणि कधीपासून ते ‘पासून’ सांगतं. इंग्रजीत क्रिया मागे सुरू होऊन आजपर्यंत आली आणि तो कालावधी तुम्ही वाक्यात सांगितलात, तर नुसता इज-ॲम पुरत नाही. हॅव बीन लागतो. ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर.’ कालावधी काढून टाकला की ‘आय ॲम वर्किंग हिअर’ लगेच बरोबर होतं. म्हणजे काळ ठरतोय तो कालावधीच्या शब्दावरून.

दुसरी चूक ‘पासून’ची. मराठीत ‘सोमवारपासून’ आणि ‘पाच वर्षांपासून’ दोन्हींना एकच प्रत्यय, त्यामुळे सिन्स दोन्हीकडे चिकटतो. सिन्सला सुरुवातीचा बिंदू लागतो: सिन्स मंडे, सिन्स २०२०, सिन्स आय लेफ्ट कॉलेज. फॉरला लांबी लागते: फॉर फाइव्ह इयर्स. मुलांना एक युक्ती सांगा. मराठी वाक्यात ‘पासून’ऐवजी ‘गेली’ किंवा ‘गेले’ घालून बघायचं. ‘गेली पाच वर्षं’ जमतं, म्हणून फॉर. ‘गेले सोमवार’ जमत नाही, म्हणून सिन्स.

याची उलट बाजूही सांगायला हवी. कालावधी आहे म्हणून आपोआप हॅव येत नाही. ‘मी पाच वर्षं नाशिकला राहिलो’ आणि आता तिथे नसाल, तर ‘आय लिव्ह्ड इन नाशिक फॉर फाइव्ह इयर्स.’ मुलाखतीत इथे चूक झाली तर अर्थच फिरतो. ‘आय हॅव वर्क्ड देअर फॉर टू इयर्स’ ऐकून समोरचा समजतो की तुम्ही अजून तिथेच नोकरीला आहात.

उंबरठा

नकाराचं इथेच सांगून टाकते. ‘गेलो’ आणि ‘गेलो नाही’, मराठी दोन्हीकडे भूतकाळाचं रूप ठेवते. म्हणून ‘डिड नॉट वेंट’ येतं. भूतकाळाची खूण वाक्यात एकदाच लागते. ती डिडने उचलली की क्रियापद मूळ रूपात परततं: ‘डिड नॉट गो’, ‘डिड यू सी’. हे सगळ्यांना ठाऊक असतं, बोलताना निसटतं.

मला जास्त लिहायचंय ते ‘जर-तर’बद्दल. ‘पाऊस आला तर सामना होणार नाही.’ यातलं ‘आला’ बघा. पाऊस अजून आलेला नाही, उद्याची गोष्ट आहे, तरी रूप ‘ल’चं. मराठी व्याकरणात या रूपाला लाख्यात म्हणतात. नाव प्रत्ययावरून पडलंय, काळावरून नाही, आणि ते योग्यच आहे. क्रिया पुरी होणं हा त्याचा गाभा. म्हणूनच खोलीतून हाक आली की जागेवर बसूनच आपण ‘आलो, आलो!’ म्हणतो. इंग्रजीचं केम असं कधीच वापरता येत नाही. तिथे ‘आय ॲम कमिंग’. ‘पाऊस आला तर’चं ‘इफ इट रेन्स’, साधा वर्तमानकाळ.

दुसऱ्या बाजूने ‘तो येईल तेव्हा सांगेन’ हे वाक्य घसरवतं. मराठीत दोन्हीकडे भविष्यकाळ, म्हणून ‘व्हेन ही विल कम, आय विल टेल हिम’ येतं. इंग्रजीत वेळेच्या आणि अटीच्या पोटवाक्यात विल घालत नाहीत: ‘व्हेन ही कम्स, आय विल टेल हिम.’ इफ, व्हेन, आफ्टर, बिफोर, अंटिल, ॲज सून ॲज, या सगळ्यांना हे लागू. पण व्हेन जर प्रश्न म्हणून आला असेल, ‘आय डोन्ट नो व्हेन ही विल कम’, तर विल राहतो. ओळखायचं असं: मराठीत ‘तेव्हा’ येत असेल तर विल काढा, ‘कधी’ येत असेल तर ठेवा.

अंटिलला आणखी एक खड्डा आहे. ‘जोपर्यंत तो येत नाही तोपर्यंत थांब.’ मराठीला तिथे ‘नाही’ हवंच असतं. अंटिलच्या पोटात नकार आधीच आहे. ‘वेट अंटिल ही कम्स.’ ‘अंटिल ही डझन्ट कम’ झालं की संपलं.

आता कठीण वाक्य: ‘पैसे असते तर घर घेतलं असतं.’ हे आजचं आहे की दहा वर्षांपूर्वीचं? मराठी वाक्यावरून कळत नाही, आसपासच्या बोलण्यावरून कळतं. इंग्रजीत मात्र आधी ठरवावंच लागतं. आज पैसे नाहीत म्हणून आज घेत नाही: ‘इफ आय हॅड द मनी, आय वुड बाय अ हाउस.’ तेव्हा नव्हते म्हणून तेव्हा घेतलं नाही: ‘इफ आय हॅड हॅड द मनी, आय वुड हॅव बॉट अ हाउस.’ दोन हॅड शेजारी-शेजारी बघून लोक बिचकतात आणि एक खोडतात. खोडू नका. पहिला साहाय्यक आहे, दुसरा ‘जवळ असणे’चा. भाषांतराला बसण्याआधी मराठी वाक्याच्या पुढे ‘आज’ किंवा ‘तेव्हा’ लिहून घ्यायची सवय लावली, तर हा गोंधळ होत नाही.

कासारघाट

धुळाक्षर, एका मुद्द्यावर थोडा वेगळा सूर लावतो. हॅव आणि साधा भूतकाळ यांच्यातली रेघ तुम्ही फार ठाम ओढली आहे. अमेरिकेत ‘जेवलास का?’ला ‘डिड यू ईट यट?’ सर्रास म्हणतात, ‘आय जस्ट एट’ म्हणतात. ब्रिटिश सवयीप्रमाणे तिथे ‘हॅव यू ईटन यट?’ आणि ‘आय हॅव जस्ट ईटन’ हवं. मग अमेरिकेतल्या मराठी मुलांचं इंग्रजी ऐकून इथल्या शिक्षकांनी चूक काढायची का?

आणि ‘हॅड गॉन’चं म्हणाल, तर भारतीय इंग्रजीत ते इतकं रुळलंय की आपल्याआपल्यात अर्थाला काही धक्का लागत नाही.

धुळाक्षर

कासारघाट, पहिल्या मुद्द्याला अनुमोदन. जस्ट, ऑलरेडी, यट या तीन शब्दांबरोबर अमेरिकेत साधा भूतकाळ चालतो, त्यात चूक काढू नये. पण उलट दिशेची सूट कुठेच नाही. ‘हॅव कम येस्टरडे’ न्यूयॉर्कमध्येही चूक आणि लंडनमध्येही.

दुसऱ्या मुद्द्यावर सहमत नाही. आपल्याआपल्यात अर्थ कळतो हे खरं. पण हॅड सगळीकडे पसरला की त्याचं खरं काम करायला तो उरत नाही. ‘व्हेन द डॉक्टर अराइव्ह्ड, द पेशंट डाइड’ आणि ‘व्हेन द डॉक्टर अराइव्ह्ड, द पेशंट हॅड डाइड’ यांत केवढा फरक आहे बघा. पहिल्यात डॉक्टर आल्यावर मृत्यू, दुसऱ्यात आधीच. अपघाताच्या अहवालात, पोलिसांच्या जबाबात, रुग्णाच्या नोंदीत हा फरक जीवमोलाचा असतो. ज्याला प्रत्येक वाक्यात हॅड लिहायची सवय आहे, त्याच्या अहवालात तो वाचणाऱ्याला कळणारच नाही.

अवांतर: प्रेझेंट परफेक्ट आणि हयात माणसं यांचंही एक नातं आहे. लता मंगेशकर हयात असताना ‘शी हॅज संग इन मेनी लँग्वेजेस’ अगदी योग्य होतं. ६ फेब्रुवारी २०२२ नंतर ‘शी सँग इन मेनी लँग्वेजेस’. कर्ता उरला नाही की त्याच्या कृतींचा वर्तमानाशी धागा तुटतो. पण कलाकृती उरते. म्हणून ‘विल्यम जोन्स ट्रान्सलेटेड शाकुंतल इन १७८९’, आणि त्याच दमात ‘शाकुंतल हॅज बीन ट्रान्सलेटेड इन्टू मेनी लँग्वेजेस’. दुसऱ्या वाक्याचा कर्ता नाटक आहे, आणि त्याची भाषांतरं अजून होऊ शकतात.

रानजाई

‘तंय’ राहिलं. समजतंय, दिसतंय, वाटतंय, आठवतंय, ऐकू येतंय. मराठी जाणिवेच्या क्रियापदांना बिनदिक्कत चालू रूप लावते. इंग्रजी लावत नाही. ‘समजतंय का?’ हे ‘डू यू अंडरस्टँड?’ ‘आर यू अंडरस्टँडिंग?’ नव्हे. ‘ऐकू येतंय का?’ हे ‘कॅन यू हिअर मी?’ दिसणं-ऐकू येणं याला बहुतेक वेळा कॅन लागतं, हे शाळेत सांगतच नाहीत. ‘मला फलक दिसतोय’: ‘आय कॅन सी द बोर्ड.’

मालकीचं हॅवही तसंच. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ नाही, ‘आय हॅव टू ब्रदर्स’. पण ‘आय ॲम हॅविंग लंच’ चालतं, कारण तिथे हॅव म्हणजे खाणं, आणि खाणं ही कृती आहे. थिंकचंही तसंच. ‘आय थिंक ही इज राइट’ हे मत, ‘आय ॲम थिंकिंग अबाउट द ऑफर’ हा विचार चालू. तेच क्रियापद अवस्था दाखवतंय की कृती, एवढं बघायचं. यादी पाठ करायची गरज नाही.

आणि ‘मी पहिल्यांदाच इथे येतेय’. यात मराठी वर्तमानकाळ, इंग्रजीत ‘धिस इज द फर्स्ट टाइम आय हॅव कम हिअर’. फर्स्ट टाइम म्हणजे आजवरच्या फेऱ्यांची मोजदाद, म्हणून हॅव.

पाटीपेन्सिल

भविष्यकाळाचं काय? विल आणि गोइंग टू यांत फरक सांगताना पुस्तकं ‘हेतू’, ‘निश्चय’ असे शब्द वापरतात, मुलांना काही बोध होत नाही.

गोदाकाठ

इथे मराठी उलट मदतीला येते. ‘जाईन’, ‘जाणार आहे’, ‘उद्या जातोय’ ही तीन रूपं आपण रोज न चुकता निवडतो. जाईन म्हणजे आश्वासन, आत्ता सुचलेली तयारी: आय विल गो. जाणार आहे म्हणजे आधीच ठरलेलं: आय ॲम गोइंग टू गो. उद्या जातोय म्हणजे तिकीट हातात: आय ॲम गोइंग टुमॉरो. ‘ढग बघ, पाऊस पडणार’ हे चिन्ह बघून केलेलं भाकीत: इट इज गोइंग टू रेन. गाडीचं वेळापत्रक दोन्ही भाषांत साध्या वर्तमानकाळात: सहाला सुटते, लीव्ह्ज ॲट सिक्स.

फसवी जागा वेगळीच आहे. दारावरची घंटा वाजते आणि आपण म्हणतो ‘थांब, मी उघडतो.’ मराठी रूप साध्या वर्तमानकाळाचं. इंग्रजीत ‘आय ओपन द डोअर’ म्हटलं तर ती रोजची सवय किंवा नाटकातली रंगसूचना वाटते. तिथे ‘आय विल ओपन इट’. ‘पिशवी द्या, मी धरते’: ‘आय विल होल्ड इट’. आणि घरातूनच फोनवर ‘निघालो’ म्हणतो ते ‘आय ॲम लीव्हिंग नाउ’. ‘आय लेफ्ट’ म्हटलंत तर समोरचा तुम्हाला रस्त्यात समजून वाट बघत बसेल.

‘असेल’ आणि ‘असता’ यांचीही सरमिसळ होते. ‘तो पोचला असेल’ हा अंदाज: ‘ही मस्ट हॅव रीच्ड’, खात्री कमी असेल तर माइट हॅव. ‘तो पोचला असता’ म्हणजे पोचलाच नाही: ‘ही वुड हॅव रीच्ड’. अंदाजासाठी वुड हॅव वापरायची आपली सवय मोडायला हवी, कारण वाचणाऱ्याला उलटाच निरोप जातो. आई स्टेशनवर पोचली असेल असं सांगायचं असतं आणि वाक्य म्हणतं की गाडी चुकली.

उंबरठा

सगळं एकत्र दिसावं म्हणून एक नमुना मेल देते. रजेचा आहे, असा मेल कुठल्याही कचेरीत सापडेल.

‘आय हॅड अप्लाइड फॉर लीव्ह ऑन मंडे. आय ॲम सफरिंग फ्रॉम फीव्हर सिन्स थ्री डेज. द डॉक्टर हॅज टोल्ड मी येस्टरडे टू टेक रेस्ट. आय विल कम बॅक व्हेन आय विल बी फिट. आय ॲम नॉट हॅविंग माय लॅपटॉप. इफ एनी वर्क विल बी अर्जंट, आय वुड डू इट ऑन फोन.’

क्रमाने बघू. सोमवार संपला, दुसरी घटना नाही: हॅड गेला, अप्लाइड राहिला. ताप तीन दिवस चालत आला: ‘आय हॅव हॅड अ फीव्हर फॉर थ्री डेज’. सफरिंग फ्रॉम तापाला जडच होतं, ते दीर्घ आजाराला ठेवा. येस्टरडे आहे, म्हणून हॅज टोल्डचं टोल्ड. व्हेननंतर विल नको: ‘व्हेन आय ॲम फिट’. लॅपटॉप जवळ नाही ही अवस्था: ‘आय डोन्ट हॅव माय लॅपटॉप’. इफनंतर पुन्हा विल नको: ‘इफ एनीथिंग इज अर्जंट’. शेवटचा वुड नम्रता म्हणून घातलेला असतो, पण वुडमुळे ‘केलं असतं, पण करत नाही’ अशी छटा येते. सरळ विल म्हणा.

दुरुस्त मेल: ‘आय अप्लाइड फॉर लीव्ह ऑन मंडे. आय हॅव हॅड अ फीव्हर फॉर थ्री डेज. द डॉक्टर टोल्ड मी येस्टरडे टू रेस्ट. आय विल कम बॅक व्हेन आय ॲम फिट. आय डोन्ट हॅव माय लॅपटॉप. इफ एनीथिंग इज अर्जंट, आय विल डू इट ऑन द फोन.’ शब्दसंख्या घटली, हेही बघा.

कासारघाट

आयईएलटीएस, म्हणजे परदेशी शिक्षणासाठी लागणारी इंग्रजीची परीक्षा, देणाऱ्यांसाठी एक भर. लेखनात चार निकषांना सारखे गुण असतात आणि व्याकरणाची व्याप्ती व अचूकता हा त्यातला एक. तिच्या अकॅडेमिक प्रकारात लेखनाच्या पहिल्या प्रश्नात आलेख येतो, तिथे काळ आलेखाच्या अक्षावरच लिहिलेला असतो. १९९० ते २०१० असेल तर सगळं साध्या भूतकाळात: ‘द फिगर रोज’. वर्षच दिलेलं नसेल तर वर्तमानकाळ. २०५०चा अंदाज असेल तर ‘इज प्रोजेक्टेड टू राइज’. ‘बिट्वीन १९९० अँड २०१० हॅज इन्क्रीझ्ड’ ही नेहमीची चूक. आणि हॅडची खरी जागा इथे सापडते: ‘बाय २०१०, द फिगर हॅड डबल्ड’. बाय हा शब्द संदर्भाचा ठिपका २०१०वर नेऊन ठेवतो, धुळाक्षर यांनी रेघेवर सांगितला तसा.

रानजाई

‘तो म्हणाला की मी येतो’ यावर कुणी लिहिलं नाही. मराठीत बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ‘की’नंतर येतात. इंग्रजीत शब्दशः नेलं तर ‘ही सेड दॅट आय कम’ होतं आणि येणारा माणूसच बदलतो.

धुळाक्षर

बरोबर, रानजाई. दोन दुरुस्त्या लागतात आणि क्रम महत्त्वाचा. आधी माणूस: त्याचा ‘मी’ माझ्या तोंडी ‘तो’ होतो. मग काळ: सेड भूतकाळात आहे, म्हणून येण्याचा विल मागे सरकून वुड होतो. ‘ही सेड ही वुड कम.’ गोष्ट आजही खरी असेल तर सेडनंतर वर्तमानकाळ ठेवायला हरकत नाही: ‘शी सेड द शॉप ओपन्स ॲट टेन.’

थॉट आणि डिडन्ट नो मात्र एवढी मोकळीक देत नाहीत. ‘मला वाटलं तू पुण्यात राहतोस’ हे ‘आय थॉट यू लिव्ह्ड इन पुणे’, मग तो माणूस आजही पुण्यातच राहत असला तरी. ‘तू मराठी बोलतेस हे मला माहीत नव्हतं’: ‘आय डिडन्ट नो यू स्पोक मराठी’. इथे स्पोक ऐकून समोरच्या बाईला ‘पूर्वी बोलायची’ असा अर्थ लागत नाही. तो काळ तिच्या बोलण्याचा नाही, आपल्या माहीत नसण्याचा आहे.

आणि दार उघडल्यावर समोर पाहुणा बघून ‘मला माहीत होतं तू येणार!’ म्हणतो, ते ‘आय न्यू यू वुड कम!’ तिथे विल म्हणालात तर उंबऱ्यात उभ्या माणसाला तुम्ही अजून येणार म्हणताय.